अंग धरायच्या गोळ्या

आमच्या घरात आजारी पडायला कुणाला सवड नव्हती, पण औषध घ्यायला सगळ्यांना होती. रहिमतपुरात आमचं घर पिठाच्या गिरणीला लागून होतं. सकाळी गिरणीचा पट्टा फिरायला लागला की भिंतीतून धडधड यायची, मांडणीतली भांडी बारीक किणकिणायची, आणि तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढायचे. डबा मूळचा बिस्किटांचा. त्यात घरातल्या सगळ्या जुन्या दुखण्यांचं उरलंसुरलं साठवलेलं असायचं: अर्धी फाडलेली पाकिटं, झाकणाशी चिकट झालेल्या बाटल्या, कुणाच्या तरी कानाचे थेंब, कुणाच्या तरी खोकल्याचं लाल औषध. अण्णा शाळेत हेडक्लार्क होते आणि इंग्रजी नावं वाचता येतात एवढ्या भांडवलावर त्यांनी स्वतःला अर्धा डॉक्टर करून घेतलं होतं. ताप आला की कॅप्सूल सुरू, ताप उतरला की बंद, उरलेल्या पुढच्या तापासाठी डब्यात. डॉक्टरनं पाच दिवस घ्यायला सांगितलं तर तो आपलं दुकान चालवायला सांगतो, असं त्यांचं पक्कं मत. जेवण जड झालं तर सोडा, डोकं जड झालं तर गोळी, आणि दोन्ही हलकं असलं तरी खबरदारी म्हणून काहीतरी. शेजारी कुणाची दाढ ठणकते असं कानावर आलं की हातातला चहा ठेवून डबा घेऊन निघायचे. लोक त्यांना मान द्यायचे. फुकटचं औषध देणाऱ्याला आपल्याकडे नेहमीच मान असतो.

आईचा दवाखाना वेगळा होता, तो चुलीजवळ. घसा धरला की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, सर्दीला वाफ, पोट दुखलं तर ओवा चावून वर कोमट पाणी, पाय मुरगळला तर तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक. ताप असला की मऊ भात, त्यावर तूप आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड. त्या भातासाठी मी कधीकधी उगीच कण्हत पडून राहायची. अण्णा या सगळ्याला बायकी उपचार म्हणून हसायचे. पण आईच्या उपचारांना एक हद्द असायची. “उंद्यापतुर उतरला न्हाई तर डाक्टर,” असं ती म्हणायची आणि खरंच घेऊन जायची. अण्णांच्या सगळ्या डब्यात ही एक अक्कल नव्हती. मी हे आईचं कौतुक म्हणून लिहीत नाही. पुढे जे झालं त्यात तिचाही हात होता.

मी मुळातच हाडकुळी. खात नव्हते असं नाही. बाजरीची भाकरी, खर्डा, वर दही असं ताट मी कुणाच्याही बरोबरीनं संपवायची, पण ते जायचं कुठे कोण जाणे. सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला कॉलेजला जायची, उभ्यानं प्रवास करायची, परत येऊन आईबरोबर पाणी भरायची, आणि वर्षावर्षात शिंक येत नसे. पण मी लग्नाची झाले आणि एकाएकी माझं हे अंग घराचा प्रश्न होऊन बसलं. बघायला माणसं यायची, पोहे खायची, मला चालून दाखव म्हणायची, आणि चार दिवसांनी निरोप यायचा की मुलगी जरा किरकोळ आहे. किरकोळ हा शब्द मला अजून सहन होत नाही. सुट्या सामानाला वापरतात तो. गावात कुजबुज सुरू झाली की हिला आतून काहीतरी असणार, खोकते का बघा. आईनं एकदा भीतभीत म्हटलं, एखाद्या डॉक्टरला दाखवू या का. अण्णा म्हणाले, दवाखान्याच्या बाकावर पोरगी बसलेली उद्या सगळ्या गावाला दिसेल, मग तिला कोण करणार. लोक स्वतःच स्वतःचे वैद्य का होतात याची शहाणी शहाणी कारणं मी पुढे पुष्कळ ऐकली: दवाखाना लांब, रांग मोठी, डॉक्टर बोलत नाहीत. असतीलही. आमच्या घरातलं कारण सरळ होतं. आम्हाला बरं व्हायचं नव्हतं. आम्हाला बरं दिसायचं होतं. ज्या घरात ढेकर आली तरी गोळी लागायची, त्या घरात काहीही न झालेल्या एकमेव माणसावर उपचार सुरू झाले.

ते सुरू केले शालन आत्यानं. अण्णांची ही थोरली बहीण, सांगलीला दिलेली. तिला दमा होता. कधीकाळी तिथल्या एका डॉक्टरनं तिला पांढऱ्या बारीक गोळ्या थोड्या दिवसांसाठी दिल्या होत्या. तेव्हापासून डॉक्टर सुटला आणि गोळ्या राहिल्या. कोपऱ्यावरचा औषधवाला तिला पाकिटं देत राहिला आणि ती आपल्या मनानं कधी एक, कधी दोन घेत राहिली. तिच्या काळ्या पर्समध्ये कुंकवाची डबी आणि या गोळ्या एकाच कप्प्यात असायच्या. तिचा आवाज खणखणीत, मत ठाम, आणि दुसऱ्याच्या शरीराबद्दल तिला भलताच जिव्हाळा. कुणाचे डोळे पिवळे दिसतात, कुणाची चाल बिघडली, कुणाला मूल का होत नाही, हे ती दारातूनच सांगायची. पौषात औंधला यमाईच्या जत्रेला जाताना ती आमच्याकडे उतरली. मला उजेडात उभं केलं, दंड चाचपून पाहिला, बाजारात शेरडू बघतात तसा, आणि आईला म्हणाली, “वैनी, ह्यात काय अवघड हाय? माझं तोंड बघा कसं भरलंय. ह्या गोळ्यांनी अंग धरतं.” मग तिनं रुमालात गुंडाळलेली पाकिटं काढून चुलीशेजारी ठेवली. सकाळ-संध्याकाळ, दुधाबरोबर. अण्णांनी पाकिटावरचं नाव चष्मा लावून वाचलं आणि कळल्यासारखी मान हलवली. त्यांना काही कळलं नव्हतं. नाव वाचता आलं, एवढंच.

आईनं मला त्या गोळ्या दिल्या, हे सांगितलं पाहिजे. दूध गरम करून, साय काढून, हातावर गोळी ठेवून. ती घाबरलेली होती असं मला आता वाटतं, पण तेव्हा तिच्या डोळ्यांत आशाच दिसायची. आणि गोळ्यांनी काम केलं. भूक अशी पेटली की जेवून उठल्यावर मी शिळ्या भाकरीचा कुटका चटणीला लावून खायची, मग गूळ, मग शेंगदाणे, आणि तरी पोट मागतच राहायचं. झोप उडाली. त्याचंही काही वाटेना, कारण अंगात नुसता वारा भरल्यासारखा झाला होता. पहाटे उठून मी घोंगड्या धुवायची, अंगण सारवायची, अभ्यास करायची, कुणी काही बोललं की फाडकन उत्तर द्यायची. आई म्हणायची, पोरीत जीव आला. चेहरा भरायला लागला. गाल वर आले, हनुवटी गोल झाली, आणि थोड्याच दिवसांत डोळे बारीक होऊन गालांत बसले. मानेच्या मागे मऊ उंचवटा आला. ब्लाऊज उसवले. हातपाय मात्र पूर्वीचेच, काटक्या. एखाद्यानं दुसऱ्याच बाईचं डोकं आणून माझ्या धडावर ठेवावं तसं दिसत होतं. पोटावर जांभळे ओरखडे उठले. न्हाऊ घालताना आईनं ते पाहिले, तांब्या हातात तसाच धरून थांबली, आणि मग पुढचं पाणी ओतलं. ओठावर आणि हनुवटीवर लव दिसायला लागली तेव्हा आत्याचा निरोप आला, लग्नाआधी दोऱ्यानं काढून टाकू.

आणि गाव खूश. ज्या बायका मला क्षय लागलाय म्हणत होत्या त्याच आता आईला थांबवून विचारायच्या की पोरीला काय खायला घालता. अण्णांच्या शाळेतल्या मास्तरांच्या बायकोनं तर तिच्या भाचीसाठी गोळीचं नाव लिहून मागितलं. मलाही ते आवडत होतं, खोटं कशाला सांगू. आरशात मी बघायची आणि समोरची फुगलेली मुलगी मला श्रीमंत दिसायची. आज माझ्या इमारतीत सकाळी फिरायला येणारे निवृत्त लोक एकमेकांना बाकावर बसून गोळ्या सुचवतात, मोबाईलवर आलेले काढे वाचून दाखवतात, आणि याची साखर उतरली म्हणून तोही तेच घेतो. सगळे शिकलेले. मी त्यांच्या शेजारी बसते आणि मला रहिमतपूर गावात राहिल्यासारखंच वाटतं.

मग साताऱ्याचं स्थळ आलं. मुलगा शिरवळला एका कंपनीत कामाला, पगारदार, बोलायला कमी. त्याच्या आईनं माझा गाल दोन बोटांत धरला, सोडला, आणि अण्णांना म्हणाली, खात्यापित्या घरची दिसतीय मुलगी. जागेवरच होकार. साखरपुडा झाला, पेढे वाटले गेले, आणि अण्णा गावभर छाती काढून फिरले. त्या पाहुण्यांना माझं कॉलेज विचारावंसं वाटलं नाही, मला काय आवडतं ते विचारावंसं वाटलं नाही. त्यांनी गाल पाहिला आणि आम्ही गालच दाखवला होता.

साखरपुड्यानंतर आत्या पुन्हा आली आणि तिनं उपचार संपल्याचं जाहीर केलं. आता अंग धरलंय, तेवढं लग्नापर्यंत टिकेल; सासरी पाकीट सापडलं तर नसता बोभाटा होईल. उरलेल्या सगळ्या गोळ्या तिनं पर्समध्ये टाकल्या आणि घेऊन गेली. त्या दिवसापासून मला एकही मिळाली नाही. आठवड्याभरात माझे हातपाय पाण्याचे झाले. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधार यायचा, अन्नाचा वास नको व्हायचा, खाल्लेलं उलटून पडायचं. आईला वाटलं लग्नाची धास्ती. अण्णांनी सोडा दिला. आत्यानं सांगलीहून निरोप धाडला की पित्त झालंय, उपास धरू दे. मी उपासही धरला. आमच्या घरात सल्ल्याला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

लग्नाचा बस्ता सांगलीला बांधायचा ठरला, कारण दुकान आत्याच्या ओळखीचं. ऐन चैत्रातलं ऊन, आदल्या दिवसापासून मला कणकण, आणि जीपमध्ये दोन्हीकडची माणसं दाटून बसलेली. दुकानात पांढऱ्या गाद्यांवर सगळे मांडी घालून बसले. दुकानदार एकामागून एक घडी उलगडून भिरकावत होता, बायका पदर चोळून बघत होत्या, थंड पेल्यातून सरबत फिरत होतं. माझ्या खांद्यावर एक जांभळा शालू टाकून मला आरशापुढे उभं केलं. होणाऱ्या सासूबाई मागे सरकून बघत होत्या. आरशातलं माझं तोंड पांढरंफटक होतं आणि ते हळूहळू बाजूला कलत होतं. मला ऐकू आलेलं शेवटचं वाक्य दुकानदाराचं. आधी शालू उचला, असं तो पोऱ्याला सांगत होता.

शुद्धीवर येत होते तेव्हा मी जवळच्याच एका दवाखान्यात खाटेवर होते. डोळे पुरते उघडत नव्हते, पण कान उघडे होते. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी माझी मान मागून चाचपली, पोटावरची साडी बाजूला करून पाहिलं, आणि विचारलं की हिला कसल्या गोळ्या चालू आहेत. अण्णा म्हणाले, कसल्याच नाहीत. आत्या म्हणाली, “गोळ्या कशाला लागत्यात? पोरगी ठणठणीत हाय. आज तेवढा उपास घडला.” डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, आवाज न चढवता. रक्तदाब उतरत चाललाय, म्हणाल्या, आणि तुम्ही लपवलंत तर मला अंधारात हात घालावा लागेल. दारात सासरची माणसं उभी होती. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच सांगितलं. माझ्या वडिलांनी त्या क्षणी मला आणि माझ्या लग्नाला दोन पारड्यांत घातलं होतं आणि त्यांना निर्णय करायला वेळ लागला नाही. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. लिहिते आहे, एवढंच.

आई माझ्या पायथ्याशी होती. व्याह्यांपुढे ती तोंडावरचा पदर ढळू देत नसे. तो तिनं बाजूला केला.

“वन्सं, पर्स उघडा,” ती म्हणाली.

आत्या हलली नाही. मग आईनं तिच्या खांद्यावरून पर्स ओढून घेतली. माझ्या आईनं नणंदेच्या अंगाला हात लावलेला मी तेव्हाच पाहिला, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी. गोळ्यांची पाकिटं कुंकवाच्या डबीसकट डॉक्टरबाईंच्या टेबलावर पडली. “ह्या बगा,” आई म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ दिल्यात. मीच दिल्यात, माझ्या हातानं. पौषापसनं. साखरपुडा झाला तवा एकदम बंद केल्या.”

डॉक्टरबाई पाकीट उलटंपालटं करून नर्सला काहीतरी म्हणाल्या, आणि माझ्या हातात सुई गेली, वर सलाईनची बाटली लटकली. पुढे शांतपणे त्यांनी आईला समजावलं ते असं: या गोळीत जे असतं ते थोडं थोडं शरीर स्वतःच करत असतं. बाहेरून भरपूर मिळायला लागलं की शरीर करायचं सोडून देतं. मग तुम्ही एक दिवस बाहेरचंही बंद करता, आणि आत काहीच उरत नाही. वर ताप आणि उपास. अजून थोडा उशीर झाला असता तर मी वाचले नसते. आई ऐकत होती. अण्णा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

दारातून सासूबाईंनी विचारलं, “म्हंजे हे तोंड हिचं न्हवंच?”

त्या सगळ्या प्रकरणात सासरच्यांकडून आलेला हा एवढाच प्रश्न. दुसऱ्या दिवशी मुलगा एकटा येऊन गेला. खाटेपासून जरा लांब उभा राहिला, काळजी घ्या म्हणाला, आणि मग या गोळ्या कायमच्या आहेत का ते विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं घड्याळ बघितलं. आठवड्यात साताऱ्याहून मध्यस्थाकरवी निरोप आला की मुलगी आजारी निघाली, फसवणूक झाली. फसवणूक झालीच होती. फक्त आम्ही ज्यांना फसवलं त्यांनाही खरी मुलगी नकोच होती, त्यामुळे त्यांच्या दुःखाला मी फार किंमत देत नाही.

खरी गंमत पुढे. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी औषध लिहून दिलं, आणि औषध म्हणजे तीच गोळी. ती एकदम तोडायची नाही, अर्धी अर्धी करत, महिन्यामहिन्यानं दाखवायला येत, सावकाश उतरवायची. हे आत्याला कळलं तेव्हा तिचा उतरलेला चेहरा पुन्हा वर आला. “बगा,” ती अण्णांना म्हणाली, “डाक्टरीण बी त्याच गोळ्या देतीया. मग मी काय वायलं दिलतं?” अण्णांनी विचार केल्यासारखं करून मान डोलावली. पुढे कित्येक वर्षं, कुठल्याही लग्नाच्या पंगतीत माझा विषय निघाला की ती हे वाक्य म्हणायची आणि ऐकणाऱ्यांना ते पटायचं. गोळी तीच. ती कुणी, किती, कशासाठी आणि कुठवर द्यायची हा क्षुल्लक तपशील कुणाला सांगायचा.

तिच्या स्वतःच्या गोळ्या तिनं सोडल्या नाहीत. म्हातारपणी साधा उंबरा ओलांडताना तिचं खुब्याचं हाड मोडलं. हाडं आतून पोकळ झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं तर ती म्हणाली, नशीब. मी भेटायला गेले तेव्हा तिनं माझ्या पिकल्या केसांकडे बघून कुठलंसं तेल सुचवलं. मला तिची दया यायला हवी होती. आली, पण थोडीच.

त्या उन्हाळ्यात मला गोळी द्यायचं काम आईनं दुसऱ्या कुणाकडे सोपवलं नाही. अण्णा मध्ये बोलायला गेले, आता बरं वाटतंय तर लवकर बंद करू, तेव्हा तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते गिरणीकडे निघून गेले. सांगलीच्या फेऱ्या आम्ही दोघींनीच केल्या, एस.टी.नं, भाकरी बांधून घेऊन. दवाखान्याच्या बाकावर सगळ्यांना दिसेल अशा आम्ही बसायचो. भूक हळूहळू जागेवर आली, झोप आली. मानेवरचा उंचवटा गेला, गाल ओसरले, डोळे परत मोठे झाले. पोटावरचे ओरखडे तेवढे राहिले, फिके होऊन. पुढे माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्नही झालं, पण ती हकीकत वेगळी.

पाऊसकाळ संपता संपता एकदा मी आणि आई आठवडी बाजारात भाजी घेत होतो. गर्दीतून मास्तरांच्या बायकोनं आम्हाला पाहिलं. माझ्या गळ्याची हाडं, बाहेर आलेली मनगटं, सगळं नजरेनं मोजत ती आईला म्हणाली, “आगं बाई, किती वाळली गं पोरगी.”

“व्हय,” आई म्हणाली, “बरी झाली ती.”

आणि खाली वाकून वांगी निवडायला लागली.